क्लब बंद करू नकोस, आधी चावी दुसरीकडे दे

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, माझी मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हा आम्ही सहा जणींनी मिळून लहान मुलांच्या आयांचा क्लब सुरू केला. आठवड्यातून दोन सकाळी, दोन-दोन तास, एक हॉल मिळालाय. आता दोन वर्षं झाली आणि ग्रुपवर ३४ जणी आहेत. पहिल्या सहातली मी एकटीच उरलेय. हॉल उघडणं, मॅट टाकणं, खेळणी काढणं, पुसणं, हजेरी, वर्गणी, नवीन कुणी आली की तिला सगळं सांगणं, हे सगळं मीच करते. मागच्या महिन्यात मुलीला रात्रभर ताप होता. सकाळी सात वाजता ग्रुपवर टाकलं, 'आज कुणी हॉल उघडेल का प्लीज, चावी माझ्याकडून घेऊन जा.' २९ जणींनी वाचलं, दोघींनी लवकर बरं वाटू दे म्हणून लिहिलं, चावी न्यायला कुणीही आलं नाही. आणि दुपारी एकीचा मेसेज, 'पुढच्या वेळी आदल्या दिवशी कळवत जा, आम्ही मुलाला तयार करून दारापर्यंत जाऊन परत आलो.' मी तो मेसेज वाचून खूप रडले. शिवाय एक जण मुलाला ताप असताना घेऊन येते, तिला सांगितलं तर म्हणाली तू काय मालकीण आहेस का क्लबची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एवढं करून माझी स्वतःची मुलगी तिथे कोपऱ्यात एकटीच खेळत असते, तिला एकही मैत्रीण नाही. नवरा म्हणतो बंद कर तो क्लब. पण दर वेळी एखादी नवीन आई दाराशी बिचकत उभी असते ना, तिला बघितलं की वाटतं मी नसले तर हिच्याशी कोण बोलणार. काय करू?"

अगं, आधी त्या दुपारच्या मेसेजबद्दल बोलू, कारण मला वाटतं तू हे पत्र त्या मेसेजमुळे लिहिलंस, बाकी सगळं तू अजून सहा महिने ओढलं असतंस. रात्रभर तापलेलं पोर मांडीवर, डोळ्याला डोळा नाही, आणि दुपारी कुणीतरी तुलाच सांगतंय की नीट कळवत जा. रडू येणारच. तुझं काही चुकलेलं नाही आणि तू जास्त हळवी वगैरे पण झालेली नाहीस.

पण त्या २९ जणींबद्दल मी जरा वेगळं सांगणार आहे, पटतंय का बघ. १९६८ साली डार्ली आणि लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि ते इंटरकॉमवरून एकमेकांशी बोलतायत असं भासवलं. बोलता बोलता एकाला फिट आल्याचा आवाज यायला लागतो, तो मदत मागतो, अडखळतो (ते रेकॉर्डिंग होतं, पण ऐकणाऱ्याला काय माहीत). ज्यांना वाटत होतं की हे फक्त मीच ऐकतोय, त्यांच्यातल्या ८५ टक्के जणांनी तो आवाज थांबायच्या आत बाहेर येऊन सांगितलं. ज्यांना वाटत होतं की माझ्यासारखे अजून चार जण ऐकतायत, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के उठले. आणि मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे, जे उठले नाहीत ते काही निवांत बसलेले नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, घाम आला होता, नंतर कुणी खोलीत आलं की तो मुलगा बरा आहे ना असं विचारत होते. म्हणजे काळजी होती, फक्त "मीच" हे वाटलं नाही.

तुझा सात वाजताचा मेसेज आता या नजरेने परत वाच. "कुणी उघडेल का." त्या वेळी त्या २९ घरांत काय चाललं असेल हे तुला मी सांगायची गरज नाही, एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातात फोन, मूल पायाला लोंबकळतंय, मेसेज वाचला, मनात आलं की अरे बापरे, पण हॉलजवळ राहणारी कुणीतरी जाईल की, आणि फोन खाली ठेवला. प्रत्येकीने हेच केलं. ३४ जणींना एकदम विचारलेला प्रश्न खरं तर कुणालाच विचारलेला नसतो. तोच मेसेज तू एकीला, नाव घेऊन, फोन करून सांगितला असतास, "मुलीला ताप आहे, चावी घेऊन जाशील का", तर मला जवळजवळ खात्री आहे की ती धावत आली असती. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाहीये. तुझ्या डोक्यात आता असं बसलंय की इतकं केलं तरी कुणाला माझी पडलेली नाही, आणि हा समज तुझ्या दमण्यापेक्षा जास्त त्रास देतोय, तो चुकीचा आहे म्हणून सांगतेय.

आता जरा कडू बोलते. माझी मुलं लहान होती तेव्हा मीपण असाच एक क्लब चालवायचे, चार वर्षं. एक दिवस क्लब संपल्यावर एक नवीन आई खेळणी आवरायला बसली, ठोकळे आणि कोडी सगळं एकाच टोपलीत भरत होती. मी तिच्या समोर ती टोपली उलटी केली आणि ठोकळे वेगळे, कोडी वेगळी असं परत लावलं. रागावले नाही, हसतच केलं, वर "अगं असू दे, मी करते" म्हणाले. ती परत कधीच आवरायला बसली नाही. तिचं बघून तिच्या शेजारचीही नाही. मग पुढची दोन वर्षं मी घरी येऊन नवऱ्यापाशी तक्रार करत राहिले की कुणी हातच लावत नाही. ते खरंच होतं, पण हात लावला तर काय होतं हे मीच त्यांना दाखवून ठेवलं होतं. तुझ्या बाबतीत असंच झालंय असं मी म्हणत नाही, मी तिथे नव्हते. पण "असू दे, मी करते" हे वाक्य तू आठवड्यातून किती वेळा म्हणतेस हे एकदा मोज. नवीन बाईला वाटतं की इथे सगळं ठरलेलं आहे, यांचं चाललंय नीट, आपण मध्ये कशाला पडा. तू जेवढं चोख करशील तेवढी ती लांब बसणार.

म्हणून माझं उत्तर असं आहे की क्लब बंद करू नकोस, पण तो "तुझा" राहणं मात्र बंद कर. आणि सुरुवात चावीपासून.

चावीची अजून एक कॉपी करून घे, उद्याच. एकच चावी आणि ती एकाच बाईकडे, म्हणजे त्या बाईचं मूल आजारी पडायचं नाही, तिला पाळी येऊन पोटात दुखायचं नाही, तिच्याकडे पाहुणे यायचे नाहीत. असं कुठे असतं का. दुसरी चावी कुणाला द्यायची ते सांगते आणि तू आधी नाही म्हणशील. ती त्या दुपारच्या मेसेजवालीला द्यायची.

हो, तिलाच. मेसेज लिहिताना तिला तुझ्या मुलीची आठवण झाली नाही, हे चूकच होतं. पण मुलाला तयार करून, सामान भरून, दारापर्यंत जाऊन, बंद दार बघून परत येणारी ती होती. बाकीच्या नुसतं वाचून गप्प बसल्या, आणि सकाळी फोन बघायचा राहिला म्हण किंवा काहीही म्हण, ही गेली. म्हणजे त्या सकाळची तिला गरज होती. लहान मूल घेऊन घरात बसलेल्या बाईला बंद दारापासून परत फिरणं काय असतं हे तुला माहितीये, पूर्ण दिवस अंगावर येतो. ज्या बाईला दार बंद असल्याचं एवढं लागतं तिच्याकडे चावी असलेली बरी. मला वाटतं ती एक दिवसही उशीर करणार नाही.

बाकीची कामं पण अशीच एकेक करून, समोरासमोर, नाव घेऊन सांग. "जरा मदत करत जा गं सगळ्या" हे चालत नाही कारण त्यात नक्की काय करायचं ते कळत नाही आणि कधीपर्यंत करायचं तेही कळत नाही, आणि लहान मुलाची आई ज्याला शेवट दिसत नाही असं काहीही अंगावर घेत नाही, बरोबरच आहे तिचं. त्याऐवजी "पुढचे तीन महिने मंगळवारी खेळणी पुसायचं तू बघशील का, वीस मिनिटांचं काम आहे, नंतर दुसरीला देऊ." एक काम, एक माणूस, एक तारीख. वर्गणीचा हिशोब एखाद्या अशा बाईला दे जिला आकड्यांची आवड आहे, अशी एक तरी असतेच, आणि आकडे महिन्यातून एकदा ग्रुपवर टाकायचे म्हणजे तुझ्यावर किंवा तिच्यावर कुणी काही बोलायला नको. हजेरी तर मी म्हणते बंदच कर, दाराशी वही ठेव, आलेलीने स्वतःचं नाव लिहायचं.

कुणी कुणी नाही म्हणेल. नाही म्हणू दे, का ते विचारू नकोस. एखादी कामावर परत जाणार असेल, एखादीच्या घरी आजारी माणूस असेल, सगळं कुणी सांगत नाही. त्या बाईने नुसतं येऊन बसणंही चालतं. पण आधीच मनात "ही काही करणार नाही" असं धरून विचारायचंच टाळू नकोस, बऱ्याच जणी विचारायची वाट बघत असतात आणि आपल्याला कुणी विचारत नाही म्हणजे आपण अजून बाहेरच्याच असं समजत असतात.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये १९४१ साली, युद्ध चालू असताना, पुरुष लढाईवर आणि बायका पोरांना घेऊन घरात एकट्या, तेव्हा वेलिंग्टनमध्ये पहिलं प्लेसेंटर सुरू झालं. आयांना थोडी उसंत मिळावी आणि मुलांना खेळायला सोबत मिळावी एवढाच हेतू. ती प्लेसेंटरं आजही आईबापच चालवतात, पाळीपाळीने, मुलांकडे बघण्याचं प्रशिक्षणही आपापसात घेतात. लंडनमध्ये १९६१ साली बेल टुटेव्ह नावाच्या बाईने आपल्या छोट्या मुलीसाठी सरकारी बालवाडीत जागा नाही म्हणून इतर आयांना घेऊन स्वतःच गट सुरू केला आणि गार्डियन वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की असं करायचं असेल त्यांनी मला कळवा. त्यातून तिथे प्लेग्रुपची अख्खी चळवळ उभी राहिली. एका बाईने सुरू केलं हे खरं, पण ते टिकलं कारण गावोगावच्या आयांनी आपापला गट स्वतः चालवला, सगळ्यांच्या चाव्या त्या एकीकडे असत्या तर काय झालं असतं विचार कर.

आणि हे बघ, तुझी मुलगी अजून वर्षभराने शाळेत जाईल. मग तू क्लबला कशाला येशील? या क्लबांचं असंच असतं, दोन-तीन वर्षांत सगळी माणसं बदलतात, तुझ्या पहिल्या पाच जणी पण काही तुझ्यावर रुसून गेल्या नसतील, कुणाचं मूल मोठं झालं, कुणी कामावर गेलं. तेव्हा चावी तुला कधीतरी द्यायचीच आहे. आत्ता, तू तिथे असताना, विचारलं तर सांगायला जवळ असताना दिलीस तर क्लब चालेल. दमून, चिडून, एक दिवस एकदम सोडलंस तर तो त्याच दिवशी संपेल.

दिल्यावर ते वाईट होणार हे मात्र धरून चाल. खेळणी चुकीच्या टोपलीत जातील, मॅट वाकड्या पडतील, एखाद्या दिवशी हॉल पंधरा मिनिटं उशिरा उघडेल आणि सगळ्या जणी बाहेर उभ्या राहतील. तेव्हा हात बांधून उभी राहा, उशीर झाला म्हणून काही बोलू नकोस, नंतरही नको. सगळ्यात कठीण भाग हाच आहे आणि मला तो जमायला फार वेळ लागला.

फक्त दोन-तीन गोष्टीत मात्र वाईट झालेलं चालणार नाही, तिथे तू अडून बस. एक म्हणजे दार. आत मुलं आहेत तोवर कडी वर लावलेली हवी, आणि ती लावायची कुणी हे त्या दिवसापुरतं एकीचं नाव घेऊन ठरलेलं हवं, "सगळ्या जणी लक्ष ठेवतायत" म्हणजे कुणीच ठेवत नाहीये, परत तेच. दुसरं म्हणजे दान म्हणून आलेली खेळणी. लोक घरातली जुनी खेळणी प्रेमाने आणून देतात आणि त्यात वाजणारी, दिवे लागणारी असतात, त्यांच्यात चपटे गोल बटण-सेल असतात. ज्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ते खेळणं क्लबमध्ये ठेवायचं नाही, कितीही गोड असलं तरी. तो सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, म्हणून संशय जरी आला तरी वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, सरळ हॉस्पिटल. आणि छोटे तुकडे, टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको, ती नळीच एक ठेवून द्या कपाटात, कुणीही तपासू शकतं, त्याला तू लागत नाहीस.

आता ती तापवाली. "तू काय मालकीण आहेस का" हे तिने बोलायला नको होतं, पण त्यात एक खरं आहे, नियम तुझ्या तोंडून आला. तो कागदावर हवा होता. पुढच्या वेळी सगळ्या बसल्या असताना पंधरा मिनिटं काढा, सगळ्यांनी मिळून ठरवा आणि दारावर चिकटवा. साधारण असं ठेवता येईल, की औषध न देता ताप जाऊन २४ तास झाले असतील तर यायचं, उलटी किंवा जुलाब थांबून ४८ तास झाले असतील तर यायचं, कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत नाही. नुसतं नाक वाहतंय आणि मूल खेळतंय तर येऊ दे, नाहीतर वर्षातले निम्मे महिने कुणीच येणार नाही. कागदावर कारणही लिहा, की आपल्यात अगदी तान्ही बाळं पण येतात, आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर ती लगेच डॉक्टरकडे न्यायची गोष्ट असते, मोठ्या मुलाला जे दोन दिवसांत उतरतं ते त्या बाळाला महागात पडू शकतं. कारण कळलं की माणसं ऐकतात.

आणि तिला एक फोन कर. तिने तापातलं पोर का आणलं असेल याचा विचार केलास का? मला वाटतं आजारी मुलाबरोबर घरात एकटीने चौथा दिवस काढणं तिला होत नसेल म्हणून. क्लबमध्ये आजारी मुलांना बंदी घातली की त्या आयांचं काय, हा प्रश्न राहतोच ना. तेव्हा त्या कागदाखाली अजून एक ओळ टाकता येईल, की मूल आजारी म्हणून येता येत नसेल तर ग्रुपवर कळवा, आपल्यातली एक जण संध्याकाळी फोन करेल. कोण करेल ते आठवड्याचं ठरवून टाका. हे छोटं वाटतं पण ज्या आठवड्यात आईला क्लबची सगळ्यात जास्त गरज असते त्याच आठवड्यात तिला येता येत नाही, याचं काहीतरी करायला हवंच.

तुझ्या लेकीचं. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त या ओळीने वाईट वाटलं, आणि हीच ओळ मला सगळ्यात कमी काळजीची वाटते. ती अडीच वर्षांची पण झालेली नाही. १९३२ साली मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या संशोधिकेने बालवाडीतल्या मुलांचं खेळणं बघून लिहून ठेवलंय की लहान मुलं आधी एकटी खेळतात, मग एकमेकांच्या शेजारी बसून आपलं आपलं खेळतात, आणि मिळून, ठरवून खेळणं हे त्याच्या पुढे, तीन-चार वर्षांच्या आसपास हळूहळू येतं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलीला "मैत्रीण" नसणं म्हणजे तिचं काही बिघडलंय असं नाही. तू दुरून बघतेस म्हणून तुला कोपरा दिसतो. एकदा तिच्याजवळ जाऊन बस, आणि दहा मिनिटं काही न करता नुसतं बघ. माझा मुलगा असाच कोपऱ्यात असायचा. एकदा पाय मुरगळला म्हणून मला बसावंच लागलं, तेव्हा बघितलं की तो गाडी पुढे ढकलतो आणि थांबतो, तीन हातांवर बसलेली एक मुलगी तिच्या गाडीने तेच करते, ती थांबली की हा परत. एकमेकांकडे बघतही नव्हते. अर्धा तास चाललं होतं ते. मी दीड वर्ष रोज त्या खोलीत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

हाक मारली तर ती बघतेय, दोन शब्द जोडून बोलतेय, हवं ते बोट दाखवून मागतेय, घरी तुझ्याशी खेळतेय, तर निश्चिंत राहा. यातलं काही दिसत नसेल तर क्लबमधल्या कुणाला विचारत बसू नकोस, मुलांच्या डॉक्टरांना विचार, लवकर विचारलेलं चांगलं.

पण मला वाटतं ते "एकटी" तू तिच्याबद्दल लिहिलंस तरी थोडं स्वतःबद्दलही लिहिलंस. क्लब तू तिच्यासाठी आणि स्वतःसाठी सुरू केलास आणि दोन वर्षांत तू तिथे एकदाही बसलेली नाहीस. तुलाही त्या खोलीत मैत्रीण हवी आहे. जी बाई सतत उभी असते, हातात फडकं असतं, तिच्या शेजारी येऊन कुणी बसत नाही गं, मनात आलं तरी कसं बसणार. चावी दिलीस की तुझे हात मोकळे होतील, तेव्हा मॅटवर बस, फोन पिशवीत ठेव, आणि सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होईल, उठून काहीतरी उचलावंसं वाटेल, तरी बस.

एक काम मात्र तू कुणाला देऊ नकोस असं मी म्हणेन, ते म्हणजे दाराशी बिचकत उभ्या असलेल्या नवीन आईशी बोलणं. तुझ्या सगळ्या पत्रात तू एवढ्या एकाच कामाबद्दल प्रेमाने लिहिलंयस. बाकीचं कुणालाही शिकवता येतं. कोण नुसती लाजतेय आणि कुणाला खरंच काही होतंय, हे ओळखायला दोन वर्षं दाराशी उभं राहावं लागतं आणि तू राहिली आहेस. बाळ झाल्यावरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं, आणि बऱ्याचदा ते रडण्यासारखं दिसत नाही, बाई हसते, सगळं छान म्हणते, पण तिसऱ्यांदा भेटली तरी बाळाबद्दल एक वाक्य आपणहून बोलत नाही, किंवा बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही म्हणते. तिथे सल्ले द्यायचे नाहीत, "सगळ्यांनाच होतं गं" हे तर अजिबात नाही. जवळ बसायचं, विचारायचं, आणि डॉक्टरकडे जायला बरोबर येऊ का म्हणायचं. डॉक्टरांकडे यासाठी एडिनबरा स्केल म्हणून दहा साध्या प्रश्नांची यादी असते, १९८७ पासून वापरात आहे, पाच मिनिटांत भरून होते. तिला एवढं जरी कळलं की हे विचारायची, तपासायची गोष्ट आहे तरी अर्धं ओझं उतरतं. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोलली, गमतीत बोलली तरी, तिला त्या दिवशी एकटी सोडायची नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं.

हे सगळं मी तुलाही लावतेय बरं का. क्लबच्या आदल्या रात्री जीव घाबरत असेल तर चावी दिल्यावर तो उतरेल. पण क्लब नसलेल्या दिवशीही रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, आणि असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर तो क्लबचा थकवा नाही, स्वतःसाठी डॉक्टरकडे जा. नवऱ्याला बरोबर घे. तो बंद कर म्हणतोय ते त्याला तुझे हाल बघवत नाहीत म्हणून, तर मग बंद करण्याऐवजी क्लबच्या दिवशी आदल्या रात्रीची उठबस त्याने बघावी असं सांग त्याला सरळ.

समजा सगळं करून पण कुणीच काही घेतलं नाही तर? तर तारीख सांगून टाक, की अमुक तारखेपासून मी फक्त आई म्हणून येणार, हॉल उघडणार नाही. आणि खरंच तसंच कर. चार आठवडे बंद राहिला तर राहू दे. चार आठवडे मुलांना घेऊन घरात बसल्यावर कुणीतरी फोन करेलच चावी कुणाकडे आहे म्हणून. आणि नाहीच केला कुणी, तर त्या ३४ घरांना आत्ता याची गरज नाही असं समज. दोन वर्षं जे मिळालं ते मिळालंच सगळ्यांना.

आता फोन उचल आणि त्या दुपारच्या मेसेजवालीला लाव. मेसेज नको, फोनच. मी तुझ्या जागी असते तर असं बोलले असते, "अगं त्या दिवशी तू दारापर्यंत येऊन परत गेलीस ना, मला फार वाईट वाटलं. खरं सांगू का, मुलगी रात्रभर तापलेली होती आणि मला कुणाला सांगावं तेच सुचलं नाही. तुझा मेसेज वाचून मी रडले पण. एक विचारायचं होतं, दुसरी चावी करून घेतेय, तू ठेवशील का तीन महिने?" आणि मग गप्प राहा, ती काय म्हणते ते ऐक. पहिलं वाक्य बहुतेक "अगं सॉरी गं" असंच असेल.